एका जुन्या हेराल्डची शुश्रूषा

डॉक्टरांच्या संघटनेच्या स्मरणिकेत मोटारदुरुस्तीवर लेख यावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. संपादक मंडळाने खरे तर माझ्याकडे लसीकरणावर लेख मागितला होता. मी म्हटले, विषय जवळजवळ तोच आहे, रुग्ण तेवढा वेगळा आहे. त्यांनी हसून परवानगी दिली, याबद्दल त्यांचे आभार मानून मुद्द्यावर येतो.

पूर्वेतिहास

सन १९७५. मी चार वर्षांचा होतो. बडी चौडीच्या एका गल्लीत आमचे बिऱ्हाड होते. त्रिगुणी लसीचा माझा एक डोस कसाबसा झाला होता. पुढचे डोस घरातील लग्नकार्ये आणि प्रवास यांत राहून गेले. एका रात्री ताप चढला, घसा सुजला आणि श्वास घेताना आवाज येऊ लागला. काचीगुड्याला राहणाऱ्या डॉक्टरकाकांना वडिलांनी बोलावून आणले. त्यांनी चमच्याने जीभ दाबून टॉर्चच्या उजेडात घसा पाहिला आणि दुसरा शब्द न बोलता मला आईसकट आपल्या गाडीच्या मागच्या आसनावर बसविले. ते आम्हाला थेट नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलात घेऊन गेले. जुने हैदराबादकर आजही त्याला 'कोरंटी' म्हणतात. तो घटसर्प होता. प्रतिविष वेळेवर मिळाले म्हणून आज हा लेख लिहीत आहे. त्या रात्रीचे मला फारसे काही आठवत नाही. आठवतो तो फक्त गाडीतला पेट्रोलचा आणि रेक्झिनचा वास.

ती गाडी म्हणजे १९६४ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. डॉक्टरकाकांनी ती १९९१पर्यंत चालविली. मग डोळे अधू झाले आणि गाडी वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. २००३ साली काका वारले. २०२१च्या फेब्रुवारीत काकूंचा फोन आला. वाडा पाडून तेथे इमारत होणार होती आणि भंगारवाला गाडीचे बारा हजार देऊ करीत होता.

"तुला हवी असेल तर ने," काकू म्हणाल्या. "पण दिवाणखान्यातल्या हत्तीसारखी शोभेला ठेवणार असशील तर नको. चालती कर. आणि एकदा मला बसव तिच्यात."

घरी चर्चा झाली. मुलीचे शिक्षण चालू होते, दवाखान्याचे भाडे वाढले होते. पत्नीने साडेतीन लाखांची मर्यादा घातली आणि त्यापुढे एक रुपयाही मिळणार नाही, हे दोनदा सांगितले. हा आकडा येथे मुद्दाम देतो, कारण पुढील सर्व निर्णयांना त्याचेच कुंपण होते.

रुग्णाची ओळख

ज्या पिढीने अॅम्बॅसॅडर आणि फियाट याच दोन गाड्या पाहिल्या, तिला हेराल्डची ओळख करून द्यावी लागते. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत आपल्याकडे प्रवासी मोटारी बनविणारे प्रमुख कारखाने तीनच होते. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, मुंबईत कुर्ल्याला सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासजवळ वंडलूरला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स. इंग्लंडमध्ये १९५९ साली निघालेली ट्रायम्फ हेराल्ड मद्रासच्या कारखान्याने १९६१पासून 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने बनविण्यास प्रारंभ केला. पुढे चार दारांची हेराल्डही निघाली. ती मात्र खास भारतीय, इंग्लंडमध्ये ती कधीच बनली नाही.

या गाडीचे रूप इटलीतील तूरिन शहराच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखाटले होते. तिची घडण मात्र जुन्या पद्धतीची होती आणि त्याला कारण होते. त्या काळी इतर कंपन्या चासी आणि बॉडी एकजीव असलेल्या गाड्यांकडे वळत होत्या. अशी अखंड बॉडी बनवून देणारा मोठा पुरवठादार ट्रायम्फला उरला नव्हता, कारण तो प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला होता. मग त्यांनी खाली स्वतंत्र पोलादी चासी ठेवली आणि वरची बॉडी अनेक छोट्या तुकड्यांत, निरनिराळ्या ठिकाणी बनवून नटबोल्टांनी जोडली. गरजेपोटी काढलेला हा मार्ग दूरदेशी सुटे भाग पाठवून जोडणी करण्यास सोयीचा ठरला. साठ वर्षांनंतर दुरुस्ती करणाऱ्यालाही तोच उपकारक ठरतो, कारण एक भाग सडला तर तेवढाच उतरविता येतो.

हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हणावे काय? काटेकोरपणे नाही. इंजिन ९४८ सी.सी.चे आणि शक्ती जेमतेम ३५ अश्वशक्तीच्या घरात. पण याच चासीची लांबी कमी करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही उघडी, दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. पुढची चाके धरणारी दुहेरी विशबोनची रचना, रॅक अँड पिनियनचे हलके स्टेअरिंग आणि मागचा आडवा पाटा हे सारे दोघींत एकाच कुळाचे. मडगार्डांसह संपूर्ण बोनेट पुढच्या बाजूला उलटते आणि मेकॅनिक चक्क टायरवर बसून इंजिनाचे काम करू शकतो. गाडी सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात वळते. सुलतान बझारच्या गल्ल्यांतून रात्रीबेरात्री रुग्ण पाहत हिंडणाऱ्या डॉक्टरला याहून सोयीची गाडी त्या काळी मिळाली नसती.

हे नाते खिशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. स्पिटफायर १९८०पर्यंत बनत होती, इंग्लंडमध्ये तिचे चाहते पुष्कळ आहेत आणि त्यामुळे दोघींना चालणारे पुष्कळ सुटे भाग तेथे आजही नव्याने बनतात. पुढच्या चाकाचे भाग सातासमुद्रापलीकडून आठ-दहा दिवसांत येतात. उलट दाराची एखादी मूठ किंवा भारतीय बनावटीची काच मिळण्यास वर्ष जाते. जुनी गाडी घेण्यापूर्वी हा फरक समजून घ्यावा. यंत्राचा भाग घडविता किंवा मागविता येतो. पत्रा, काचा आणि शोभेच्या पट्ट्या जितक्या शाबूत असतील, तितकी गाडी स्वस्तात उभी राहते.

माझी चूक

आता कबुलीजबाब. आपण नव्या निवासी डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात शिकवितो, की अत्यवस्थ मुलाच्या अंगावरचे पुरळ पाहत बसू नका. आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण. निलोफर रुग्णालयात मी हे शिकलो आणि पुढे कित्येकांना शिकविलेही. पण गाडी समोर आली आणि मी नेमका पुरळच पाहत बसलो. रंग उडालेली हेराल्ड पाहवेना. एका गॅरेजने तीन महिन्यांत 'नव्यासारखी' करून देण्याचे मान्य केले. इंजिन सुटे केले, सुरू झाले. ब्रेक तात्पुरते चालते झाले. सगळीकडे ग्रीस मारले. आणि पासष्ट हजार रुपये खर्चून मूळचा फिकट निळा रंग चढविला. गाडी आरशासारखी चमकू लागली.

१५ ऑक्टोबर २०२१, दसरा. सीमोल्लंघनासाठी काकूंना घेऊन जायचे ठरले. त्या नवी साडी नेसून फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांना चढायला सोपे जावे म्हणून मी गाडी पुढे घेऊन स्टेअरिंग पूर्ण वळविले, तोच काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि गाडी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसली. चाक मडगार्डाखाली आडवे झाले होते. वेग माणसाच्या चालीइतका होता, म्हणून कोणालाच काही झाले नाही. दहा मिनिटांनंतर आम्ही टँक बंडवर असतो. शेजारी ऐंशी वर्षांच्या काकू असत्या आणि मागच्या आसनावर माझी मुलगी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

निदान

मोडलेला भाग लहानसा आहे. पुढचे चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर असते, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात. हे टोक पितळी धातूच्या एका तुकड्यात बसते. त्याला ट्रनियन म्हणतात. आपण स्टेअरिंग वळवितो तेव्हा दांड्याचे आटे या ट्रनियनमध्ये फिरतात. म्हणजे चाकाचा सांधाच तो. त्याला ग्रीस नव्हे, तर ९० नंबरचे गिअर ऑइल द्यावे लागते. पातळ तेल आट्यांच्या तळापर्यंत झिरपते, पाणी बाहेर ढकलते आणि पुन्हा भरता येते. ग्रीस वरच्या वर अडकते, वाळते आणि खाली ओलावा साचून आटे आतल्या आत गंजत जातात. घर्षण वाढते, पण बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी, बहुधा कमी वेगात पूर्ण वळण घेताना, ताण सर्वांत जास्त असतो तेव्हा दांडा आट्यांपाशी मोडतो. ट्रायम्फच्या या कुळातील गाड्यांचा हा प्रसिद्ध दोष आहे. प्रतिबंध म्हणजे वर्षातून एक-दोनदा दिलेले थोडेसे तेल.

माझ्या गाडीत तीस वर्षे काहीच दिले नव्हते, आणि दिले तेव्हा ग्रीस. त्या गॅरेजला मी दोष देत नाही. इतर बहुतेक गाड्यांच्या सांध्यांना ग्रीसच लागते. पण गाडी माझी होती आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिकाही माझ्याच टेबलावर पडून होती. मी ती चाळली होती, रंगाचा क्रमांक पाहण्यापुरती.

उस्तादांचा सल्ला

मोडकी गाडी एका परिचिताच्या ओळखीने मुशीराबादच्या एका वयस्कर मेकॅनिककडे नेली. त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत, मीही म्हणू लागलो. उस्तादांनी चमकत्या रंगाकडे पाहिलेही नाही. गाडी उचलून ते खाली शिरले आणि हातातल्या लहान हातोडीने चासी ठोकत निघाले. कुठे टणटण आवाज येई, कुठे बद्द. बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर साब, पैले हड्डी देखना था. चमड़ी बाद में."

मला ऑएनब्रुगर आठवले. आपण छातीवर बोटे ठोकून तपासतो, ती परकशनची पद्धत या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ साली मांडली. त्याचे वडील खानावळ चालवीत आणि पिंपात किती दारू उरली हे ठोकून ओळखण्याची रीत त्याने लहानपणी पाहिली होती, असे सांगतात. उस्तादांची हातोडी आणि आपले मधले बोट यांचा पूर्वज एकच.

निदान असे झाले. चासीच्या मधल्या दोन मुख्य पेट्या शाबूत होत्या. हैदराबादची कोरडी हवा कामी आली. मुंबईत दरवर्षी २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्याकडे साधारण ८००. पण चासीपासून दोन्ही बाजूंना निघून बॉडीला आधार देणारे चार हात आणि पायाखालचा पत्रा जागोजागी सडला होता. तो कापून नवा पत्रा वेल्ड करायचा म्हणजे जवळचा नवा रंग जळणार. पासष्ट हजारांपैकी बराच भाग धुरात जाणार हे मला तेथेच कळले.

उपचारांचा क्रम

हातात उरले दोन लाख पंच्याऐंशी हजार. उस्तादांनी क्रम ठरविला आणि तो आम्ही मोडला नाही. जुन्या गाडीचे काम काढू इच्छिणाऱ्यांसाठी तो कारणांसह देतो.

प्रथम हाडे. सडलेला पत्रा कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या ठोकून घेतल्या, नाहीतर बॉडी वाकते आणि मग दारे बसत नाहीत. चारही हात एकदम न कापता एकेक कापून जोडला. वर नुसता पत्रा डकविला नाही. गंज मागे ठेवून वरून मलमपट्टी केली तर तो आत वाढतच राहतो. वेल्डिंगपूर्वी डिकीतील पेट्रोलची टाकी बाहेर काढली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण स्फोट होतो तो वाफेचा. या कामाला पासष्ट हजार लागले.

दुसरे, थांबणे आणि वळणे. या गाडीच्या चारही चाकांच्या ब्रेकांना एकच तेलवाहिनी आहे. कुठेही गळती झाली, की चारही ब्रेक एकदम जातात. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मंडले असतात, येथे ती सोय नाही. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते. त्यामुळे सिलिंडर आतून गंजतात. तेलाचा उत्कलनबिंदूही घसरतो आणि उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ते उकळून पेडल पोकळ लागते. म्हणून नळ्या, होस पाइप आणि रबरे सगळी नवी घातली. मास्टर सिलिंडर लेथवाल्याकडून आतून स्लीव्ह करून घेतला. दोन्ही ट्रनियन, उभे दांडे आणि चाकांची बेअरिंगे इंग्लंडहून मागविली. टायरांचा प्रश्न सोपा निघाला, कारण १३ इंची चाकाचे १४५/८० मापाचे टायर आजच्या काही लहान गाड्यांना असतातच. जुन्या टायरांवर नक्षी भरपूर होती, तरी टाकून दिले. रबर वयाने मरते, झिजेने नव्हे. एकूण ऐंशी हजार.

तिसरे, इंजिन. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात. अशा वेळी दुसऱ्या गाडीने ओढून ती सुरू करणे म्हणजे गोठलेला सांधा झटक्याने सरळ करणे. स्पार्क प्लग काढून आत पातळ तेल सोडावे, आठ-दहा दिवस मुरू द्यावे आणि मग पान्याने किंचित मागेपुढे हलवीत सोडवावे. इंजिन याच रीतीने सुटले होते. पण चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजल्यावर तिसरा फारच खाली निघाला. हेड उतरविले, व्हॉल्व्ह घासून बसविले, एग्झॉस्ट व्हॉल्व्हना कठीण पोलादाच्या सीटा घातल्या. यामागे कारण आहे. पूर्वी पेट्रोलात शिसे असे आणि त्याचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला सांभाळी. भारतात २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ते योग्यच झाले, कारण शिशाने मुलांच्या मेंदूची किती हानी होते हे आम्हा बालरोगतज्ज्ञांना सांगावे लागत नाही. पण जुन्या इंजिनांना त्याची किंमत मोजावी लागते. अलीकडे पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असते. ते जुनी रबरे फुगविते आणि पाणी ओढून टाकी गंजविते, म्हणून इंधनाच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घातल्या. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर कार्बुरेटर रिकामा करून ठेवतो. रेडिएटर आणि टाकीची सफाई धरून, आधीच्या गॅरेजचे पैसे मिळवून, नव्वद हजार.

चौथे, नसा. विजेच्या तारांची वेष्टने उंदरांनी खाल्ली होती आणि मूळ रचनेत फ्यूज नगण्यच. जळका वास आला की आधीच उशीर झालेला असतो. सर्व तारा नव्या ओढून स्वतंत्र फ्यूजपेटी बसविली. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. नवी बॅटरी जोडण्यापूर्वी हे पाहिले नाही तर नुकसान होते. तीस हजार.

पाचवे, बैठक. आसनांचा फोम, रेक्झिन आणि पुढे दोन कमरपट्टे. वीस हजार.

वाचकहो, बेरीज करून पाहा. साडेतीन लाख संपले. रंगाला काही उरले नाही. पत्नीने मर्यादा वाढविण्याची तयारी दाखविली होती, हे कृतज्ञतेने नमूद करतो. मीच नको म्हटले. दाराखालच्या पट्ट्यांवर वेल्डिंगने रंग जळाला होता. तेथे उस्तादांनी गंजरोधक लाल प्रायमर मारला आणि तो तसाच ठेवला. फिकट निळ्या गाडीला खाली लाल डाग. प्रदर्शनात बक्षीस मिळणार नाही, पण त्या डागांखालचा पत्रा पक्का आहे, एवढे मला ठाऊक आहे.

कागदपत्रे

जुन्या गाडीचा कागद हरवला, तर पोलाद असूनही उपयोग नाही. मालक मृत असल्यास वारसाच्या नावे हस्तांतर फॉर्म ३१वर होते. त्यानंतरची विक्री किंवा दान फॉर्म २९ आणि ३०वर. आम्ही त्याच क्रमाने केले. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ रूपात राखलेली गाडी या नियमांत बसते. चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. मात्र अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. मला काकूंना फिरवायचे होते, त्यामुळे साध्या नोंदणीचेच योग्यता-तपासणी करून नूतनीकरण केले. प्रत्येकाने आपला हेतू पाहून ठरवावे.

पथ्य

एक सूचना चालविणाऱ्यांसाठी. हेराल्डची मागची चाके स्वतंत्रपणे खालीवर होतात, पण त्यांचे सांधे मध्यभागी असल्याने चाक वर-खाली होताना त्याचा कलही बदलतो. वेगात वळण घेताना मध्येच पाय उचलला, तर मागचा भाग उचलला जाऊन बाहेरचे चाक आत दुमडू पाहते. वळणापूर्वी वेग कमी करावा, वळणात हलकासा वेग राखावा. स्पोर्ट्स कारची बहीण असली तरी वय साठीच्या पुढचे आहे.

आमच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामांची पिवळी सिल्व्हर घोस्ट रोल्स रॉईस दिमाखात उभी आहे. सहाव्या निजामांनी ती मागविली आणि १९११ साली, ती पोहोचण्याआधीच, त्यांचे निधन झाले. तिला लाभलेले ऐश्वर्य माझ्या हेराल्डच्या नशिबी नाही. पण तिच्यासारखे एका जागी उभे राहणेही नाही.

पुन्हा दसरा

२४ ऑक्टोबर २०२३. काकू फाटकाशी उभ्या होत्या. मी फाटकात मुद्दाम स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दाखविले. त्या म्हणाल्या, "पुरे रे, विश्वास आहे." काचीगुडा, बडी चौडी, कोठी, जांबागला विवेकवर्धिनीवरून मोअज्जमजाही मार्केट. तेथे आइस्क्रीम खाल्ले. परतताना बडी चौडीत आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

"येथे ते दोनदा हॉर्न वाजवायचे," त्या म्हणाल्या. "म्हणजे घरातल्यांनी दिवा लावून दार उघडून ठेवावे."

मी दोनदा हॉर्न वाजविला. गल्लीतल्या कोणी पाहिले नाही. तेथे आता आमच्या वेळचे कोणीच राहत नाही.

त्या आठवड्यात माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक आजी नातवाला घेऊन आल्या. मूल गोंडस, कपडे स्वच्छ, वजन उत्तम. "लसींचे दोन डोस राहिलेत, पण तब्येत बघा किती छान आहे," असे त्या म्हणाल्या. मी त्यांना खुर्चीवर बसविले आणि न रागावता सगळे समजावून सांगितले. पूर्वी मी अशा वेळी चिडत असे.

आपल्यापैकी कोणाच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी गाडी असेल, तर रंगाची चौकशी करण्याआधी एक लहान हातोडी घेऊन खाली शिरावे. सोबत कोणी हवे असल्यास रविवारी सकाळी मी मोकळा असतो. हेराल्ड असेल, तर ९० नंबरच्या तेलाचा डबा माझ्याकडून.